सोंग, सोंग! चेनजियागोउमधले बारा आठवडे

दिवस १

झेंगझोऊहून गाडी उत्तरेला लागली आणि काही वेळाने ह्वांग हो आली. शाळेत 'चीनचे अश्रू' म्हणून पाठ केलेली नदी. पूल संपता संपत नव्हता. पाणी मात्र मधेच कुठेतरी, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. बाकी सगळा गाळ.

पल्याड हेनान प्रांतातला वेन तालुका. मक्याची काढणी चालू होती. अर्धा रस्ता कणसांनी अडवलेला, वाहनं उरलेल्या अर्ध्यातून. आमच्या सांगलीकडे हळद वाळत घालतात त्याची आठवण झाली. ड्रायव्हरने कणसांना जपून गाडी काढली.

चेनजियागोउ म्हणजे चेनांची घळ. मिंग राजवटीच्या अखेरीस फौजेत असलेला चेन वांगतिंग सतराव्या शतकात गावी येऊन राहिला आणि त्याने घरातल्या पोरांसाठी लढाईची जी पद्धत बसवली, तिचीच पुढे 'तायची' ही संथ हालचालींची चिनी युद्धकला झाली, असं गाव मानतं. बरेच अभ्यासकही मानतात. वुडांग डोंगरावरची मंडळी झांग सानफेंग या ताओपंथी साधूचं नाव घेतात. ते नाव इथे काढू नये, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

मी २२ वर्षं शाळेत पीटी शिकवते. तायची शिकायचं म्हणून बिनपगारी रजा काढून, १८० दिवसांच्या आतल्या शिक्षणासाठी मिळतो तो एक्स-टू व्हिसा घेऊन आले. भाऊ म्हणाला होता, "बागेतल्या आजोबांचा व्यायाम शिकायला चीनला कशाला जातेस?" रात्री फळीच्या पलंगावर, गोधडीएवढ्या गादीवर पडले तेव्हा मलाही तेच वाटलं.

दिवस २

पावणेसहाला शिट्टी. शे-सव्वाशे पोरं अंगणात. निवासी पोरं आहेत ही, आठपासून अठरापर्यंतची, कुठकुठल्या प्रांतांतून आलेली. अर्धा तास पळणं, मग ताणणं, मग नाश्ता: बाजरीसारख्या दाण्यांची पेज, वाफवलेला पांढरा पाव आणि खारवलेला मुळा. त्यानंतर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन वर्ग.

माझे गुरू पस्तिशीचे. आडनाव अर्थातच चेन, गावात दगड मारला तर चेनलाच लागेल. सगळे त्यांना जियाओलियेन म्हणतात, म्हणजे प्रशिक्षक. मी मनातल्या मनात वस्ताद म्हणते. ते चिनीत बोलतात, माझा मोबाईल हिंदीत सांगतो, मी मराठीत समजून घेते. या प्रवासात बरंच सांडतं.

पहिला धडा: उभं राहा. पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे किंचित वाकवून, माकडहाड खाली सोडून, झाडाला मिठी मारल्यासारखे हात समोर. झान झुआंग, खांबासारखं उभं राहणं. वीस मिनिटं. मी म्हटलं, हे तर माझंच खातं. छाती काढून उभी राहिले.

वस्ताद आले आणि दोन बोटांनी माझ्या छातीच्या हाडावर टकटक केलं. "सोंग."

मी दचकले. पुन्हा टकटक. "सोंग, सोंग."

चिनीत सोंग म्हणजे सैल, ढिलं. दिवसभरात हा शब्द मी साठ वेळा तरी ऐकला असेन. खांद्यावर बोट, सोंग. कमरेवर बोट, सोंग. मग मी सैल पडल्यासारखं दाखवायला लागले: खांदे पाडले, चेहरा शांत केला. त्यांनी माझा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडून दिला. तो तिथेच हवेत राहिला. मागची पोरं फिस्सकन हसली. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. यादीत आणखी एक घालायला हवं.

दिवस ४

मांड्या भरून आल्यात. इथले संडास आपल्यासारखेच, उकिडवं बसायचे. खोलीतली पोलंडची बाई पहिल्या दिवशी रडकुंडीला आली होती आणि मी तिच्याकडे जन्मजात अधिकाराने बघत होते. आज मी बसले आणि उठता येईना. भिंतीला धरून, नळाला धरून उठले. नळ जरा वाकडा झालाय. कुणाला सांगितलेलं नाही.

दिवस ९

आज पहिला डाव. जिनगांग दाओ दुई.

जिनगांग म्हणजे वज्र. बौद्ध देवळांच्या दारात दोन्ही बाजूंना डोळे वटारून उभे असतात ते वज्रधारी द्वारपाल. दाओ दुई म्हणजे उखळात कांडणं. तर हा वज्रधारी उखळात कांडतोय. हात तरंगत वर येतात, खाली बसतात, कमर उजवीकडे वळते आणि हात तिच्यामागून जातात. डावा पाय पुढे सरकतो, वजन त्याच्यावर ओघळतं, उजवा पाय पुढे येऊन नुसता टेकतो. मग उजव्या हाताची मूठ होते, मूठ आणि गुडघा एकदम वर. आणि दोन्ही एकदम खाली: पाय फरशीवर, मूठ डाव्या तळव्यात, बेंबीसमोर. धप्प.

माझा आवाज "फट्" असा आला. वस्तादांनी करून दाखवलं. पाय त्यांनी आपटलाच नाही, तो पडला. जात्यावरून घसरलेला पाटा पडावा तसा, जडपणे. फरशीतून ते माझ्या तळपायाला कळलं.

शंभर वेळा झालं असेल. मी मोजणं सोडलं तेव्हा ८३ झाले होते. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं मनाशी म्हणत होते, आणि मग लक्षात आलं की इथे हे अक्षरशः खरं आहे.

गावात एक म्हण आहे: चेनजियागोउचं पाणी प्यायलं की कुणालाही पाय उचलता येतो. येतं की नाही विचाराल, तर एक उखळ कांडून दाखवतील. स्वयंपाकघरातल्या बाईंना मी गमतीने विचारलं. त्यांनी हातातली झारी ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि कांडून दाखवलं. धप्प. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

दिवस १७

१ ऑक्टोबर. चीनचा राष्ट्रीय दिन, आठवडाभर सुट्टी. गावात जत्रा. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने तायचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याचे फलक जागोजागी. पांढरे रेशमी झब्बे भाड्याने घालून लोक चेन वांगतिंगच्या पुतळ्यासमोर फोटो काढत होते. संग्रहालयाबाहेर रांग होती म्हणून मी यांग लुछान जिथे शिकला त्या वाड्याकडे गेले.

यांग लुछान हा बाहेरचा, हबेई प्रांतातल्या योंगनियेनचा. एकोणिसाव्या शतकात इथे चेन छांगशिंग या गुरूंकडे आला. चेनांची विद्या चेनांच्या बाहेर द्यायची नाही, असा तेव्हा रिवाज. म्हणून हा घरगडी झाला आणि रात्री तालमीच्या भिंतीच्या फटीतून बघून बघून शिकला, अशी कथा. पकडला गेला तेव्हा गुरूंनी हाकलण्याऐवजी समोर उभं केलं. कथा किती खरी देव जाणे. चेन छांगशिंगने त्याला शिकवलं आणि त्याने पुढे बीजिंगमध्ये मांचू सरदारांना शिकवलं, एवढं नक्की. आज जगभर बागांमधून चालतो तो बहुतेक यांगच्या शैलीचा वारसा. १९५६ साली चिनी सरकारने २४ हालचालींचा सोपा संच बसवला, तोही त्याच शैलीवरून. म्हणजे भावाचे बागेतले आजोबा शेवटी या फटीतूनच आले.

मी त्या अंगणात जरा जास्त वेळ बसले. आमच्या घरामागे तालीम होती. वडील तिथले. मुलींनी हौद्याच्या आसपास फिरकायचं नाही. मागच्या बाजूला पत्रा होता आणि पत्र्याला खालच्या अंगाला फट. मी आणि ताई पोटावर पडून बघायचो. फटीतून फक्त पाय दिसत, लाल मातीत रुतलेल्या पिंढऱ्या आणि घोटे. वर काय चाललंय ते शड्डूच्या आवाजावरून ओळखायचं. कोण पडणार ते मात्र आम्हांला पायांवरून आधी कळायचं. एकदा वडिलांनी पाहिलं. त्यांनी काही समोर उभं केलं नाही. दुसऱ्या दिवशी फट डांबराने बुजवली होती.

दिवस २८

सुट्टीचा दिवस. इतकं जवळ येऊन शाओलिन बघायचं नाही म्हणजे पाप, म्हणून चौघीजणी गाडी करून देंगफेंगला गेलो. पुन्हा ह्वांग हो ओलांडून, दोन-अडीच तास.

शाओलिन विहाराची स्थापना इसवी सन ४९५ ची. आपल्याकडून गेलेल्या बोधिधर्माला इथे दामो म्हणतात. तो मागच्या डोंगरातल्या गुहेत नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला म्हणे. त्याच्या नावावर कुंगफूही जमा आहे, पण त्याला पुरावा नाही. सहस्रबुद्ध दालनाच्या फरशीत ४८ खळगे आहेत. भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या पाय आपटून पडलेले. दोरीपलीकडून बघितले, बशीएवढे खोलगट. बाकी सगळे मोबाईल वर धरून छताकडे आणि चित्रांकडे, मी एकटी फरशीकडे. चार आठवडे उखळ कांडून मी आमच्या अंगणात एक टवकाही उडवलेला नव्हता.

देंगफेंग गाव म्हणजे कुंगफूच्या शाळाच शाळा. एका मैदानावर हजारभर पोरं एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये, रांगेत, एका शिट्टीवर एक लाथ. धूळ आणि आरोळ्या. सोबतच्या बायका थक्क होऊन व्हिडिओ काढत होत्या. मला ते फार ओळखीचं वाटलं. माझ्या शाळेचंच मैदान शंभरपट मोठं केलेलं, सावधान-विश्रामसकट. पहिल्या रांगेत एक सहा-सात वर्षांचा पोरगा दात-ओठ खाऊन उभा होता, खांदे कानाला लावून. त्याच्या छातीवर दोन बोटं टेकवावीत असं वाटलं. असली पोरं मी २२ वर्षं घडवलीत आणि त्यांना 'उत्तम' शेरा दिलाय.

दिवस ३१

सकाळी उभं. दुपारी उभं. संध्याकाळी पाऊस, म्हणून व्हरांड्यात उभं. जेवायला कोबी.

दिवस ३६

नरकचतुर्दशी. पहाटे उठण्याचं कौतुक इथे कुणाला सांगायचं? थंड पाण्याने तोंड धुतलं. पिशवीत तळाशी जपून ठेवलेली शंकरपाळी काढली.

आज तुई शोउ, म्हणजे हाताला हात लावून एकमेकांना हलवायचं. कुस्तीची धाकटी बहीण म्हणा. मनगटाला मनगट चिकटलेलं, गोल गोल फिरतंय, आणि समोरच्याचा तोल कुठे सुटतो ते कातडीने शोधायचं. वस्तादांनी माझ्यासमोर दोन वेण्यांची तेरा वर्षांची पोरगी उभी केली. वजन असेल चाळीस किलो, मी एकाहत्तर. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आयी."

चिनीत आयी म्हणजे मावशी. पहिल्यांदा या पोरांनी हाक मारली तेव्हा मला चक्क 'आई' ऐकू आलं होतं, आणि कानाला अजूनही तेच येतं.

मी जोर लावला. जोर लावायला समोर काही नव्हतंच. जिथे ढकलावं तिथून ती निघून गेलेली असायची, आणि मी माझ्याच जोरात पुढे. तिसऱ्यांदा मी सावध झाले, घट्ट रोवून उभी राहिले. तिने माझ्या कोपराखाली तळवा लावला, पुरी उलटावी इतकं हलकं काहीतरी केलं आणि मी चार पावलं मागे जाऊन पोलंडच्या बाईंवर आदळले.

"आयी, पाय," ती म्हणाली. मोबाईलने सांगितलं: तुमचा पाय आधी घट्ट होतो, मग हात. मला तुमचा पाय हातात कळतो.

फटीतून बघायची गरजच नाही म्हणजे हिला. शंकरपाळी तिला दिली. तिने एक खाल्लं, डोळे मोठे केले आणि उरलेली खिशात भरून मैत्रिणींकडे पळाली.

दिवस ४७

उजवा गुडघा. आठवडाभर कुरकुरत होता, आज सुजला. दोष माझाच. लाओज्या यिलू, म्हणजे जुन्या पद्धतीचा पहिला संच, एव्हाना अर्धा झालाय. पूर्ण ७४ हालचाली, सावकाश केला तर पंधरा-वीस मिनिटं. जुन्या काळच्या चेन फाखे यांच्याबद्दल सांगतात की ते दिवसाला तीस वेळा हा संच करत. १९२८ साली ते बीजिंगला गेले आणि चेनांची शैली तिथे पोचवली. मी त्यांचं अनुकरण म्हणून दहादा करायला गेले.

वस्तादांनी माझं वळणं बघितलं. खडूने फरशीवर माझ्या पावलाभोवती रेघ काढली आणि 'वळा' म्हणाले. वळले. त्यांनी बोट दाखवलं: पाऊल रेघेत, पण गुडघा आत पडलेला. वळायचं ते खुब्यातून. खुबा अडला की शरीर ते वळण गुडघ्याकडून वसूल करतं, आणि गुडघा बिचारा बिजागरी, त्याला पुढे-मागेच कळतं. मी हे मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते. माझ्या स्वतःच्या पायांत ते उतरलेलं नव्हतं. लोकांचे पाय बघण्यात हयात गेली.

तीन दिवस फक्त उभं राहायचं, आणि तेही उंच. वाकणं बंद.

दिवस ५०

गुडघ्यामुळे दुपारी मोकळी होते, म्हणून स्वयंपाकघरातल्या बाईंबरोबर त्यांच्या दिराच्या शेतावर गेले. वेन तालुका तायचीइतकाच चार औषधी पिकांसाठी ओळखला जातो: शेवंती, दीहुआंग, शानयाओ आणि न्यूशी. शानयाओ म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला कंद, पण काठीसारखा बारीक आणि लांब. जमिनीत सरळ खाली जातो. काढायला छातीएवढा चर खणावा लागतो. दीर चरात उतरून, बाजूची माती हाताने सुटी करत होते. ओढला तर तुटतो आणि तुटला की भाव जातो. अर्ध्या तासात सात कंद निघाले. सालीचा चीक लागून माझे हात अळू चिरल्यासारखे खाजले. वाफवून खाल्ला, पिठूळ आणि किंचित गोड.

बांधाच्या कडेला न्यूशी दाखवली. ही तर आघाड्याची सख्खी बहीण! तीच सुजलेली पेरं, तीच तुऱ्यासारखी वर गेलेली काडी. गणपतीला आपण वाहतो तो आघाडा. न्यूशीचा अर्थ विचारला तर बाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि बैलासारखी शिंगं करून दाखवली. बैलाचा गुडघा. पेरांवरून नाव पडलंय, आणि देतातही गुडघ्या-कमरेच्या दुखण्यावर. मला रात्री काढा करून दिला. सूज उतरली. काढ्याने की तीन दिवसांच्या विश्रांतीने, याच्या खोलात मी शिरले नाही.

दिवस ६९

बादलीतल्या पाण्यावर सकाळी पापुद्रा. खोलीतला हीटर रात्री दहाला बंद होतो आणि पहाटे पाचला सुरू व्हायचा असतो, तो होत नाही. तक्रार केली, 'बघतो' असं उत्तर आलं. 'बघतो'चं भाषांतर मोबाईलनेही अगदी आपल्या सरकारी कचेरीच्या सुरात केलं. मी आता सगळे कपडे घालून झोपते.

अंगणात मात्र पोरं बनियनवर. गंमत म्हणजे वीस मिनिटं उभी राहिले की माझेही तळहात गरम होतात.

संध्याकाळी वस्ताद चहाला बसले आणि स्वतःहून बोलले. याच गावचे जुने तायची गुरू चेन झाओपी १९५८ साली, वयाच्या ६५व्या वर्षी गावी परतले. गरिबी होती, तरुण पोरांना यात रस उरला नव्हता. त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला. तेव्हा ही विद्या रात्री, दारं लावून करायची. १९७२ साली ते गेले. चेन श्याओवांग, चेन झेंगलेई, वांग शियान, झू त्येनत्साय ही ज्यांची नावं आज जगभर घेतली जातात ती चौघं त्यांच्याच हाताखालची. "मधे एक म्हातारा परत आला नसता तर," वस्ताद म्हणाले आणि पुढे काही न बोलता कपात पाणी ओतलं.

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. चेनांनी बाहेरच्यांना शिकवायचं नाही म्हटलं, आणि बाहेरचाच ते सगळीकडे घेऊन गेला. आमची ती तालीम आता बंद आहे. तिथे दुचाकींचं गॅरेज झालंय.

दिवस ८३

उद्या निघायचं. दुपारी पूर्ण संच वस्तादांसमोर केला. एकटीने, अंगणाच्या मध्यावर, पोरं भिंतीला टेकून बघताहेत. ७४ हालचाली. दोनदा तोल गेला, एकदा पुढची हालचाल विसरून क्षणभर थांबले. पण वळताना गुडघा रेघेत राहिला. संच सुरू होतो उखळाने आणि शेवट येता येता पुन्हा उखळच येतं. शेवटच्या वेळी पाय पडला. मी आपटला नाही. आवाज आला तो 'धप्प'च्या जवळचा होता.

दोन वेण्यांवाली ओरडली, "आयी!"

वस्ताद काही बोलले नाहीत. जवळ आले आणि पहिलं उखळ पुन्हा करायला सांगितलं, नुसते हात वर येतात तेवढंच. केलं. त्यांनी माझ्या उजव्या कोपराखाली बोट लावलं आणि कोपर दाण्याएवढं खाली आणलं. पाठीतून टाचेपर्यंत काहीतरी सरकून जागेवर बसलं. बारा आठवडे ते कोपर तेवढं वर होतं. विचारलं, आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, आधी सांगून खांद्याला कळलं नसतं.

मोबाईल पुढे बोलला: उद्या सकाळी सहाला या, डावं कोपर बघू.

मी सांगितलं, माझी गाडी पाचला आहे.

त्यांनी जरा विचार केला. "मग साडेचारला."

गजर चारचा लावलाय.